बुजवलेल्या खड्ड्यावरचा फिशटँक

आमच्या घरात माझ्या रागाला सगळे भ्यायचे. नवरा भ्यायचा, पोरगा भ्यायचा, दूधवाला तर उंबऱ्याबाहेरूनच आवाज देऊन पातेलं सरकवायचा. भीत नव्हती ती एक मोठी जाऊ. लग्न होऊन मी मोहाडीला आले त्याच्या तिसऱ्या महिन्यात तिने माझ्या पाठीत लाटणं घातलं, आणि मी तिच्या दंडाला अशी कडकडून चावले की पंधरा दिवस तिला त्या बाहीत हात घालता येईना. सासूबाई म्हणाल्या, होईल हळूहळू सवय. झाली. पुढची वीस-बावीस वर्षं आम्ही सवयीने भांडलो. नळाच्या पाण्यावरून, वाळत घातलेल्या वड्यांवरून, एकमेकींच्या माहेरावरून. तिचं माहेर विणकरांचं, घरात चार माग. माझंही विणकरांचंच, पण आसगावला आमच्या आजोबांच्या वेळीच माग सुटला आणि घराने धानाची शेती धरली. माझ्या हातांना ती "चिखलातले हात" म्हणायची. मला मागावर बसता येत होतं, पण तिच्यासारखं नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

भंडाऱ्यातून गोंदिया निघाला त्याच वर्षी सासऱ्यांच्या चुलीतून माझी चूल निघाली. जिल्ह्याच्या वाटणीला निदान नकाशा होता. आमच्याकडे खोल्या वाटल्या, भांडी वाटली, परसातली लिंबाची फळंसुद्धा वाटली, पण समोरची लांब खोली वाटता येईना. तिथे दोन माग होते. आमच्याकडचे माग खड्ड्याचे. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो, आत दोन पावड्या असतात त्या दाबतो आणि वर हाताने धोटा फेकतो. उभं सूत, म्हणजे ताणा, समोर लांबवर ताणलेलं असतं, त्यामुळे मध्ये भिंत घालायची सोय नाही. शेवटी सासऱ्यांनीच तोडगा काढला: ज्याचा खड्डा त्याची जागा. खिडकीकडचा खड्डा मोठ्याचा, दाराकडचा धाकट्याचा. त्यापलीकडे कोणी काही ठेवायचं नाही.

माझ्या नवऱ्याने लवकरच माग सोडला आणि वरठीच्या कारखान्यात लागला. मग आमचा खड्डा त्याने बुजवला. नीट चोपून, थरावर थर देऊन बुजवायला तीन दिवस लागले असते. त्याने एका रविवारची दुपार दिली. विटांचे तुकडे, चुलीची राख, धानाचा कोंडा, जे हाताशी आलं ते ढकललं आणि वर फरशी बसवली. मोठ्या दिराने पण माग सोडला होता, तो आठवडी बाजारांत कापड विकायचा. पण त्यांचा खड्डा तसाच राहिला, कारण जाऊ उठली नाही. घरातलं आवरलं की ती जाऊन मागावर बसायची. दुपारभर तो खट-खट आवाज. माझं डोकं उठायचं.

आणि मग तो फिशटँक आला. कारखान्याच्या कॉलनीतल्या एका साहेबाची बदली झाली, त्याने तो जाता जाता माझ्या नवऱ्याला दिला. चार फूट लांब, जाड काचेचा, खाली लोखंडी स्टँड. टेम्पोतून चार माणसांनी उतरवला. ठेवायचा कुठे? आमच्या हक्काची जागा एकच, बुजवलेल्या खड्ड्यावरची. दुसरीकडे ठेवला तर जावेच्या हद्दीत जातो. ती तेव्हाच दारात उभी राहून म्हणाली होती, "खड्ड्यावर इतकं वजन नोको ठेवू वो. बुजवलेला खड्डा म्हणजे पोकळ दात." मी म्हणाले, "तुमाले बघवत नाई म्हणून बोलून राहिल्या." टँक तिथेच भरला. तिने सांगितलं नसतं तर मी कदाचित स्वतःच दुसरी जागा शोधली असती.

आधी बारा-चौदा मासे होते. त्यात एक ऑस्कर जातीचा होता, काळा, अंगावर शेंदरी डाग, तेव्हा बोटाएवढा. वर्षभरात तो वीतभर झाला आणि बाकी सगळे त्याच्या पोटात गेले. शेवटच्या सोनेरी माशाला त्याने तीन दिवस नुसतं कोपऱ्यात कोंडून ठेवलं, शेपटीचा एकेक तुकडा तोडत राहिला आणि चौथ्या दिवशी गिळला. शेजारणी बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू. मी समोर गेले की काचेवर येऊन धडक द्यायचा. जाऊ त्याला राक्षस म्हणायची, आणि म्हणताना त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघायची.

आता मुख्य गोष्ट. जावेच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या घरात एक रीत आहे: मुलगी बोहल्यावर उभी राहते ती आईने विणलेल्या कोशाच्या रेशमी लुगड्यात. बाजारचं नेसवलं तर वरपक्षाच्या बायका विचारतात, आईचे हात मोडले होते का. सासूबाईंनी नणंदेसाठी विणलं होतं. जाऊ मुलीसाठी विणत होती. लग्नाला तीन आठवडे राहिले होते, लुगडं अर्ध्यावर आलं होतं. तिचं सगळं चित्त त्या ताण्यात होतं. एक धागा तुटला तर ती तो जोडेपर्यंत पाणी प्यायची नाही. मला हे बघवत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. माझीही एक मुलगी होती. आठ महिन्यांची झाली आणि तापात गेली. असती तर जावेच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान असती. ही गोष्ट आमच्या भांडणांत कधीच आली नव्हती. बाकी सगळं आलं, नवरे आले, माहेरं आली, पण ती आली नव्हती. एवढी एक लाज आम्ही दोघींनी राखली होती.

टँक गळतोय हे मला तीन दिवस आधीच कळलं होतं. खालच्या कोपऱ्यात, काचेच्या सांध्यातून थेंब येत होता. फरशी एका बाजूने दबली होती, स्टँड थोडा खिडकीकडे कलला होता आणि वरचं पाणी तिरपं दिसत होतं. गळक्या बादलीला करतात तसं मी सांध्यात कपड्याचा साबण घासून भरला आणि खाली एक जुनी सतरंजी दुमडून ठेवली. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो भावाला बोलला असता, जावेने ऐकलं असतं, आणि पोकळ दाताची गोष्ट मला जन्मभर ऐकावी लागली असती.

चौथ्या दिवशी मोहाडीचा बाजार होता. दीर बाजारात, नवरा कामावर, माझा मुलगा भंडाऱ्याला कॉलेजात, नवरी मामाकडे गडगनेराच्या, म्हणजे केळवणाच्या, जेवणाला. गल्ली पण रिकामी, सगळे बाजारात. दुपारी मी भांडी घासत होते आणि माग अचानक थांबला. मग जाऊ मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे पाय घोट्यापर्यंत ओले होते.

"तुह्या मासोळीचं पाणी माह्या खड्ड्यात येऊन राहिलं."

"जमिनीतून येत असंल. नाली हाय बाजूले."

तिने माझा अंबाडा धरला आणि मला तशीच ओढत आत नेलं. हातात माझ्या राखेचा चोथा होता, तो मी तिच्या तोंडावर मारला. तिने सोडलं नाही. खड्ड्याच्या काठावर मला गुडघ्यांवर पाडलं आणि डोकं खाली दाबलं. "घे वास. नालीचा हाय का?" खाली पावड्या पाण्यात बुडाल्या होत्या आणि शेवाळाचा वास येत होता. मी मागे कोपर मारलं, ते तिच्या पोटात बसलं. ती वाकली, तशी मी उठले आणि तिला भिंतीवर ढकललं. मला अजून आठवतं, त्या क्षणी मला बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांत आम्ही हातघाईवर आलो नव्हतो.

तेवढ्यात फरशी बोलली. कर्रर् असा आवाज आला आणि स्टँड आणखी दोन बोटं कलला. आतलं पाणी एका बाजूला गेलं, मासा काचेवर आपटला. आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. टँक पडणार होता, आणि पडला तर सरळ तिच्या ताण्यावर पडणार होता.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. मी बादलीने पाणी उपसून बाहेर फेकू लागले. तिने आधी न विणलेल्या ताण्याचा गुंडाळा उचलून वर खुंटीवर टांगला, मग मागावरच्या विणलेल्या भागावर गोधडी टाकली, आणि मग घागर घेऊन आली. अर्धं पाणी गेलं, मग अर्ध्यातलं अर्धं. तळाशी वाळू आणि वीतभर पाणी उरलं आणि मी बादली खाली ठेवली.

"थांबली काहून?"

"याच्या खाली गेलं तर मासा मरन."

"मरू दे."

"नाई. असाच उचलू. दोघी उचलून माह्या खोलीत दिवाणावर ठेवू."

"काचेचा डबा पाण्यासकट उचलते का कोणी? फुटन थो."

"काढा मंग तुमचा माग बाजूले."

माग काही बाजूला काढता येत नाही, तो जमिनीत गाडलेला असतो. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या जागी मी असते तर हातोडी आणून काच फोडली असती. पण फोडली की पाणी ताण्याकडे जाणार. फरशी पुन्हा कुरकुरली. ती म्हणाली, "धर."

जड वस्तू दोघींनी उचलायची तर आमच्या घरात त्याला शिस्त आहे, आणि ती सुताची शिस्त आहे. ताण्याला खळ लावायची तेव्हा तो सकाळी गल्लीत लांबच लांब ताणतात आणि दोन टोकांना दोघं जण काठीला धरून उभे राहतात. एकाने अचानक सोडलं की हजार धागे गुंतले, महिन्याभराची मेहनत मातीत. म्हणून पहिल्या दिवशीच नव्या सुनेला शिकवतात: समोरच्याने "सोड" म्हटल्याशिवाय टोक सोडायचं नाही. नाक खाजलं, विंचू चावला, तरी सोडायचं नाही. ही गोष्ट मला कोणी शिकवली? जावेनेच.

तिने मागची बाजू धरली, मी पुढची. बोटं काचेच्या तळाखाली घालून आम्ही "हां" म्हणून उचललं. वजन कसलं, धानाचं पोतं परवडलं. वाळू एका बाजूला सरकत होती आणि मासा माझ्या पोटासमोर काचेला धडका देत होता. ती उलट्या पायांनी मागे चालत होती, मी तिच्यासमोर. खड्डा तिच्या उजव्या हाताला. तिला न बघता त्याच्या काठाकाठाने जायचं होतं. पाच-सहा पावलं होती फक्त.

तिसऱ्या पावलाला मी म्हणाले, "हळू. मासोळीले लागंल."

का म्हणाले, मला कळत नाही. तिच्या कपाळावर राख होती, श्वास चढला होता, मागे मुलीचं अर्धं लुगडं होतं, आणि मी मासोळी म्हणाले. ती थांबली. टँक दोघींच्या हातांत. माझ्या डोळ्यांत बघून शांतपणे म्हणाली:

"मासोळीची एवढी काळजी. देवानं हातात पोर दिली होती, थे नाई सांभाळता आली तुले."

मी सोडलं.

हात ओले होते, पण ते घसरले नाहीत. वजनानेही सुटलं नाही. बोटं मी उघडली. इतकी वर्षं झाली, मी हे कोणत्याही दुसऱ्या शब्दांत सांगून बघितलं, पण ते असंच आहे. मला तिच्या हातातलं काहीतरी फुटलेलं बघायचं होतं.

माझी बाजू जमिनीवर आदळली. तळाची काच आडवी तडकली, बाजूची लांब काच वरून निखळली आणि खाली आली. तिने सोडलं नव्हतं. मी "सोड" म्हटलं नव्हतं ना. काच तिच्या उजव्या मनगटावर आली, आतल्या बाजूने, आणि कोयत्याने ऊस कापावा तशी गेली. पाणी, वाळू, काचांचा आवाज, आणि मग एकदम काहीच आवाज नाही. मी आधी मासा कुठे गेला ते बघितलं. हेही खरं आहे. दोन श्वास मी तशी उभी राहिले आणि माझ्या मनात आलं, बरं झालं.

मग मी तिला बघितलं. ती खाली बसली नव्हती, ओरडलीही नव्हती. मनगटातून रक्त उसळत होतं, एकेका ठोक्याला, आणि तो हात तिने लांब करून दाराकडे धरला होता. पाऊलही हळूहळू दाराकडेच सरकत होतं. मला वाटलं, ती बाहेर जायला बघतेय. तसं नव्हतं. रक्त लुगड्यावर उडू नये म्हणून ती हात तिकडे धरून होती.

"ताण्याले काय झालं थे पाह्य," ती म्हणाली. "आधी थे पाह्य."

मी माझा पदर फाडला आणि तिचं मनगट बांधलं. एक पट्टी भिजली, दुसरी भिजली, तिसरी मी दातांनी आवळली. तिची बोटं गार पडत होती. तिला उंबऱ्यात बसवून गल्लीत धावले, ओरडले, तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने आपली व्हॅन काढली. भंडाऱ्यापर्यंत तिचा हात मी माझ्या खांद्यावर उंच धरून बसले होते. रक्त माझ्या कोपरावरून खाली पाठीत जात होतं, गरम. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी मनात एकच म्हणत होते, हिने मरू नये. तिच्यावर माया होती म्हणून नाही. मी खुनी ठरेन म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "टँक उचलत होतो साहेब, हात घसरला. माह्याच हातून घसरला."

आतल्या शिरा तुटल्या होत्या, ज्यांनी बोटं वळतात त्या. टाके घातले, हात कोपरापर्यंत बांधला. डॉक्टर दिराला बाजूला घेऊन म्हणाले, जखम भरेल, पण अंगठा आणि दोन बोटं पहिल्यासारखी वळतील असं धरून चालू नका. दीर भिंतीला टेकून उभा राहिला. विणणाऱ्या बाईच्या नवऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तिचे कपडे आणायला मी दिवस मावळायच्या आत घरी आले. खोलीत काचा तशाच पडल्या होत्या. आणि खड्ड्यात खळखळ झाली. मासा जिवंत होता. टँक फुटला तेव्हा पाण्याबरोबर तो तिच्या खड्ड्यात गेला होता आणि पावड्यांच्या मधल्या गढूळ पाण्यात फिरत होता. मी वाकले तर नेहमीसारखा वर आला, खायला मिळेल म्हणून.

मी त्याला हाताने पकडलं. कल्ल्यांत बोटं घातली, बाहेर ओढलं आणि खड्ड्याच्या काठावर आपटलं. पहिल्या फटक्यात मेला नाही. मग मी मोजलं नाही. खवले माझ्या तोंडावर चिकटले. शेवटी हातात काही राहिलं नाही आणि मी काठच बडवत होते, तेव्हा थांबले. मग परसात नेऊन टाकला, आंघोळ केली आणि तिचे कपडे घेऊन गेले. रडू आलं ते दुसऱ्या दिवशी, भाजी चिरताना. कोणी विचारलं नाही, कांदा होता.

लुगडं अर्धं होतं आणि लग्नाला अठरा दिवस. दीर म्हणाला, नागपूरहून आणू. जाऊ म्हणाली, नाही. दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली आणि मागाकडे मान केली.

"बस."

"माह्यानं होणार नाई तुमच्यासारखं."

"मले मालूम हाय. बस."

खड्डा कोरडा करून मी बसले. ती माझ्या उजव्या बाजूला काठावर बसली, पाय खाली सोडले. पावड्या ती दाबायची, कारण ताल तिचा होता. धोटा मी फेकायची. डाव्या हातात तिने बांबूची एक कांब धरली होती. धागा ढिला पडला की ती कांब माझ्या बोटांवर बसायची. बोलायची नाही, फक्त मारायची. पहिल्या दिवशी माझी बोटं सुजली, दुसऱ्या दिवशी नख काळं झालं. नवऱ्याने बघितलं आणि म्हणाला, "हे काय चाललं?" मी म्हणाले, "तुमी जा कामावर." मला ते फटके हवे होते. रोज दुपारी मी जाऊन बसायची आणि खरं तर मन लावून विणायची, तरी चुका व्हायच्या, आणि ती मारायची, आणि मला वाटायचं, चला, फिटतंय हळूहळू.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी विचारलं, "डॉक्टरले खोटं काहून सांगितलं तुमी?"

तिच्या पायांचा ताल चुकला नाही. "खरं सांगितलं असतं तर तुले घरात ठेवलं असतं का कोणी? मंग हे कोणी विणलं असतं?"

"म्हणजे आता सांगणार?"

"मागावरून उतरू दे. पोरगी जाऊ दे सासरी."

म्हणजे मी जितके दिवस लावेन तितके दिवस माझे. हे मला तिथेच कळलं. एखादी दुसरी असती तर तिने धागे तोडून ठेवले असते. माझ्याही मनात आलं, दोनदा आलं. पण मी विणलं. आठ दिवस, दहा दिवस. चौदाव्या दिवशी लुगडं मागावरून उतरलं. जिथे तिचा हात संपला आणि माझा सुरू झाला तिथे वीण बदललेली दिसत होती, कोणालाही दिसली असती. तिने तो भाग चुण्यांत जाईल असा मुलीला नेसवला. वरपक्षाच्या बायकांनी पोत बोटांनी चाचपून बघितला आणि विचारलं, "आईनं विणलं?" जाऊ म्हणाली, "मंग?" बांधलेला हात तिने पदराखाली घेतला होता. मुलगी त्या लुगड्यात इतकी सुंदर दिसत होती की मला तिच्याकडे बघवेना, आणि नजरही काढवेना.

मुलगी गेली. पाहुणे गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेल्या बुंदीवर आम्ही सगळे एकत्र जेवायला बसलो होतो, दोन्ही भाऊ, माझा मुलगा, आम्ही दोघी. जाऊ डाव्या हाताने जेवत होती. घास खाली ठेवून ती म्हणाली:

"टँक माह्या हातून नाई घसरला. हिनं सोडला. मुद्दाम सोडला."

कोणी विचारलं नाही की खरं का. माझा चेहरा समोर होता. पण मी का सोडलं, ते मात्र तिने सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सांगायचं तर माझ्या मुलीचं नाव त्या ताटांमध्ये आणावं लागलं असतं. माझा नवरा, ज्याने उभ्या जन्मात माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तो ताट लोटून उठला आणि त्याने हात उगारला. मी मान खाली घातली. पडू दे म्हणाले मनात.

"भाऊजी," जाऊ म्हणाली. "हात खाली घ्या. हिले कोणी काई करायचं नाई."

मला वाटलं, ती स्वतः करणार. मारायचा हक्क तिचा, आणि डावा हात तिचा चांगला चालतो हे माझ्या बोटांना माहीत होतं. त्या संध्याकाळी मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पाहिली. नळावर मुद्दाम तिची घागर सरकवून माझी लावली. तिने माझी भरू दिली आणि मग आपली लावली. परसातल्या लिंबाची सगळी लिंबं मी तोडली, तिच्या वाट्याचीही. तिने त्या दिवशी वरणात चिंच घातली. एकदा सहन झालं नाही म्हणून मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मारा ना एकदाचं." ती तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली.

त्यानंतर आमचं भांडण झालेलं नाही. गल्लीतल्या नव्या सुनांना आमचं उदाहरण देतात, जावा असाव्या तर अशा, आवाज म्हणून ऐकू येत नाही घरातून. बोटं वळत नाहीत म्हणून तिला स्वतःच्या ब्लाउजची हुकं लावता येत नाहीत. मुलगी सासरी, नवरा पहाटेच बाजाराला निघतो. रोज सकाळी ती माझ्या खोलीत येते आणि समोर उभी राहते. मी खालून वर एकेक हूक लावते. ती माझ्या डोक्यावरून पलीकडे भिंतीकडे बघत असते. लावून झालं की जाते.